ओ देणारी

आमच्या इस्पितळात तिला सगळे ‘बिनचूक’ म्हणायचे. हे नाव मीच ठेवलं होतं. पुढचं सगळं ऐकण्याआधी एवढं ऐकून ठेवा, कारण नंतर मला ते सांगायचा धीर होईल की नाही कोण जाणे.

मी ऑपरेशन थिएटरची मुख्य सिस्टर. एकतीस वर्षं झाली. आवाज मोठा, राग नाकावर, आणि नवे डॉक्टर मला चळाचळा कापतात असं म्हणतात. कापू देत. पण ती मला कधी घाबरली नाही. मी तिच्यावर ओरडले की ती हातातला चिमटा उजेडाकडे धरून त्याची टोकं बघत राहायची आणि माझं संपलं की म्हणायची, “झालं, सिस्टर? आता हा बघा, याचं तोंड नीट मिटत नाही. बदलून मागवा.”

तिचं काम काय, तर ऑपरेशनची अवजारं. वापरलेली अवजारं खाली तिच्या खोलीत जायची. ती घासायची, धुवायची, वाळवायची, एकेक तपासायची, सेट लावायची, दुहेरी कापडात गुंडाळायची, वर वाफ नीट लागली की काळ्या रेघा उमटणारी पट्टी चिकटवायची आणि वाफेच्या मोठ्या यंत्रात घालायची. खोली थिएटरच्या बरोबर खाली. खिडकी नाही. एका टोकाला सिंक, मधे स्टीलचं लांब टेबल, दुसऱ्या टोकाला ती दोन यंत्रं आणि त्यांचा धगधगाट. तयार पॅक वर पाठवायला सामानाची एक छोटी लिफ्ट होती. तिचं दार उघडं राहिलं की खालचं बोलणं वर मला जसंच्या तसं ऐकू यायचं.

खाली तिघी होत्या. थोरली, मधली आणि धाकटी, असंच आम्ही म्हणायचो. बिनचूक ती मधली. त्यांची मोजायची एक पद्धत थोरलीनं फार वर्षांपूर्वी बसवली होती. एकीनं हाक द्यायची, दुसरीनं ओ द्यायची. म्हणजे एकीनं सेटमधलं प्रत्येक अवजार मोजून आकडा मोठ्यानं सांगायचा, “अडतीस!” दुसरीनं तो ऐकूनही न ऐकल्यासारखं करायचं, आपलं बोट लावून पहिल्यापासून मोजायचं आणि मगच म्हणायचं, “अडतीस!” मग पट्टीवर दोघींच्या सह्या. बोट न लावता ओ दिली तर थोरली हातावर चापट मारायची. वर लिफ्टपाशी उभं राहिलं की दिवसभर हे चालू असायचं, आणि मधे मधे खिदळणंही.

मग थोरली निवृत्त झाली. तिच्या जागी माणूस येणार होतं. चार महिन्यांनी धाकटीची कंबर गेली आणि तिनं काम सोडलं. तिच्याही जागी माणूस येणार होतं. येणार, येणार, कागद वर गेलाय, सही व्हायचीये. तेवढ्यात पलीकडच्या इमारतीतलं थिएटर दुरुस्तीसाठी बंद झालं आणि तिथली ऑपरेशनं आमच्या गळ्यात पडली. दिवसाला वीस सेट जायचे तिथे चाळीस जायला लागले, आणि खाली उरली एकटी बिनचूक.

पहिले दोन महिने तिनं ते हसत ओढलं. खोटं कशाला बोलू, मीही खूश होते. तीन बायकांचं काम एक बाई करतेय आणि माझं एकही ऑपरेशन अडत नाहीये! मी सगळ्यांना सांगत सुटले, “बघा, बघा, असं काम पाहिजे. बिनचूक आहे ती.” तिथून ते नाव पडलं. सर्जन खाली जाऊन तिची पाठ थोपटून यायचे. बाई लाजायची. आणि दुसऱ्या दिवशी अर्धा तास लवकर यायची.

एक दिवस ती वर आली. हातात पट्टीचं रीळ.

“सिस्टर, सह्या दोन लागतात. मी एकटीच आहे. काय करू?”

माझ्यापुढे त्या दिवसाची अकरा ऑपरेशनांची यादी होती. डोकं फिरलेलं होतं. मी म्हटलं, “दोन सह्या हव्यात असं कागदात आहे ना? मग दोन कर. एकाच हाताच्या नकोत असं कुठे लिहिलंय?”

“म्हणजे हाकही मीच आणि ओही मीच?”

“तूच. तुझ्याएवढं नीट दुसरं मोजणार तरी कोण आहे?”

ती जरा थांबली. मला वाटलं खुलली. आता वाटतं, ती मी काहीतरी वेगळं बोलेन म्हणून थांबली होती. मग ती खाली गेली आणि त्या दिवसापासून लिफ्टमधून एकाच बाईचे दोन आवाज यायला लागले. “अडतीस!” असा खणखणीत. आणि थोड्या वेळानं जरा बारीक, “अडतीस.” सुरुवातीला दोन्हींच्या मधे बराच वेळ जायचा, कारण ती खरोखर दुसऱ्यांदा बोट लावून मोजायची. आम्ही वर हसायचो. भूलतज्ज्ञ म्हणायचा, “खाली जुळ्या बहिणी आहेत की काय?” मीही हसले. मोठ्यानं हसले.

चौथ्या महिन्यात तिनं रजेचा अर्ज आणून दिला. पंधरा दिवस. कारणाच्या जागी लिहिलं होतं, ‘थोरल्या बहिणीकडे’.

“बहिणीकडे काय आहे? लग्न? बाळंतपण?”

“काही नाही. झोपायचंय.”

“झोपायला रजा?”

“ताई म्हणते, ये, तुला खोली देते, दार लावून घेते, कुणी उठवणार नाही. सिस्टर, मला रात्री झोप लागत नाही हो. डोळे मिटले की ट्रे दिसतो. घरात चमचे मोजते मी. नवरा आधी हसायचा, आता हसत नाही.”

अर्जावर पहिली सही माझी लागत होती. ती झाली असती तर तिच्या जागी दुसऱ्या इस्पितळातून माणूस मागवणं वरच्यांना भागच पडलं असतं. पण त्या पंधरा दिवसांत नवं माणूस येणार, ते चुका करणार, शिव्या मी खाणार. मी म्हटलं, “एवढा महिना काढ. मग जा. तू गेलीस तर माझं थिएटर बंद पडेल गं.”

हे वाक्य मी कौतुकानं म्हटलं होतं. कप्पाळ माझं! असलं कौतुक केलं की माणसाला हलता येत नाही, एवढं एकतीस वर्षांत मला कळलं नव्हतं. तिनं तारीख खोडून पुढची घातली. पुढच्या महिन्यात पुन्हा खोडली. तिसऱ्यांदा खोडायला जागाच नव्हती म्हणून मी अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हटलं, “राहू दे माझ्याकडे, नक्की झालं की भरू.”

तेवढ्यात वरून फर्मान आलं, ताण कमी कसा करावा यावर व्याख्यान आहे, हजेरी सक्तीची. एक गुळगुळीत चेहऱ्याचे गृहस्थ आले. पडद्यावर फुलं, डोंगर, समुद्र. दीर्घ श्वास घ्या, मधे मधे उठून चाला, ‘नाही’ म्हणायला शिका. मग प्रत्येकाला रबराचा एकेक चेंडू दिला, राग आला की दाबायला. मला तर तिथेच दाबावासा वाटला. शेवटी त्यांनी एकेकाला विचारलं, “दिवसभरात तुम्ही स्वतःसाठी काय करता?” कुणी म्हणे गाणी ऐकते, कुणी म्हणे झाडांना पाणी घालते. बिनचूकची पाळी आली. तिनं प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाली, “बाथरूमला जाते. एकदा.”

सगळा हॉल हसला. गृहस्थही हसले आणि म्हणाले, छान, विनोदबुद्धी जागी आहे. ती हसत नव्हती. तिच्या शेजारी बसलेली मी, मला ते दिसलं. ती पाणीच पीत नसे, म्हणजे उठावं लागत नाही. ओठ फुटले होते, बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. व्याख्यानाच्या त्या दोन तासांत खाली नऊ सेट साठले आणि ते उरकायला ती रात्री नऊपर्यंत थांबली. तो चेंडू तिनं खोलीच्या दाराखाली अडकवला, कारण ते दार आपोआप लागायचं आणि आत धग कोंडायची. त्या व्याख्यानाचा तेवढाच उपयोग झाला.

त्यानंतर ती बदलत गेली. आधी बोलणं कमी झालं. मग मी ओरडले तरी ती चिमट्याची टोकं बघेनाशी झाली, नुसती मान हलवायची. एकदा लिफ्टच्या दाराशी उभी होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी विचारलं, “काय झालं?” ती म्हणाली, “कुठे काय? वाफ असेल.” गालाला हात लावून तिनं ओला हात बघितला आणि तिलाच आश्चर्य वाटलं. त्याच सुमारास लिफ्टमधून येणारे ते दोन आवाज जवळ जवळ यायला लागले. “अडतीस, अडतीस.” मधे बोट लावायला वेळच नाही. मला ऐकू येत होतं. त्याचा अर्थ मला कळत होता. मी काय केलं? लिफ्टचं दार लावून घेतलं, कारण यादी वाचताना लक्ष विचलित होत होतं.

आठव्या महिन्यात, एका दुपारी, एक सुतार आला. पन्नाशीचा माणूस. कामावर असतानाच पोटातला अल्सर फुटला होता, पोट फळीसारखं कडक. घाई होती. त्या दिवशी हाताखालच्या दोन नर्स आजारी, म्हणून मीच हातमोजे चढवून टेबलाशी उभी राहिले. पोटाचा मोठा सेट आला. पट्टीवर काळ्या रेघा बरोबर उमटलेल्या, खाली दोन सह्या. आमचा नियम असा की पॅक उघडला की कापायच्या आधी वरच्या माणसानंही मोजायचं. सर्जननं विचारलं, “मोजलं?”

मी म्हटलं, “बिनचूकचा पॅक आहे. चला.”

ऑपरेशन चांगलं झालं. भोक शिवलं, पोट धुतलं. बंद करायच्या आधी मी मोजलं. सदतीस. पुन्हा मोजलं. सदतीस. रक्तवाहिनी दाबून धरायचा एक चिमटा कमी.

पुढचं मी रोज बघते, डोळे उघडे असले तरी. सर्जननं आतड्यांमध्ये हात घातला. चादरी उलट्यापालट्या केल्या, बादल्या पालथ्या केल्या, मी गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शोधलं. एक्स-रेचं फिरतं मशीन तिसऱ्या मजल्यावर होतं, ते यायला चाळीस मिनिटं गेली. फोटोत काही नाही. दुसऱ्या कोनातून काढला, काही नाही. तोवर त्या माणसाचं पोट या शोधापायी एक तास दहा मिनिटं जास्त उघडं राहिलं होतं. रक्तदाब पडत होता, भूलतज्ज्ञ ओरडत होता. शेवटी तसंच बंद केलं.

चिमटा संध्याकाळी सापडला. हर्नियाच्या सेटमध्ये. त्या सेटमध्ये बावीस हवीत, तेवीस होती. पट्टीवर दोन सह्या. म्हणजे तिनं एका ट्रेवर अडतीस म्हटलं आणि स्वतःलाच अडतीसची ओ दिली, दुसऱ्या ट्रेवर बावीस म्हटलं आणि बावीसची ओ दिली, आणि दोन्ही वेळा कुणीच मोजलं नाही. जी चीज त्या पोटात कधी गेलीच नव्हती, ती आम्ही तासभर तिथे शोधत होतो.

सुतार तिसऱ्या दिवशी गेला. त्या जादा तासामुळेच गेला असं कुणी लिहून दिलं नाही; दुखणं मोठं होतं, यायला उशीर झाला होता, हेही खरं. त्याच्या बायकोनं मला जिन्यात गाठून विचारलं, “सिस्टर, दीड तास लागेल म्हणाला होतात. तीन तास कसे लागले?” मी म्हटलं, “आतडी नाजूक होती.” तिनं माझे हात धरून आभार मानले. मला मेलीला त्या क्षणी धरणीनं पोटात घ्यायला हवं होतं.

चौकशी बसली. तीन माणसं, एक लांब टेबल. बिनचूक समोर खुर्चीत, मी बाजूला साक्षीला. तिच्यापुढे ती पट्टी ठेवली.

“ही पहिली सही कुणाची?”

“माझी.”

“आणि ही दुसरी?”

“माझीच.”

“दोन्ही सह्या एकाच माणसानं करायची परवानगी तुम्हाला कुणी दिली?”

तिनं माझ्याकडे बघितलं. फार नाही, एवढंसं. माझ्या तोंडात शब्द होते, देवाशपथ होते. निवृत्तीला अकरा महिने राहिले होते आणि जीभ टाळूला चिकटली.

“कुणी नाही,” ती म्हणाली. “मीच ठरवलं.”

“रजा मागितली होती का कधी?”

“अर्ज दिला होता. पण तारीख नक्की नव्हती.”

त्यांनी लिहून घेतलं, रजेचा अर्ज दाखल नाही. तो अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये होता, दोन खाडाखोडींसकट. तिला कामावरून काढलं. तिच्या जागी दुसऱ्याच आठवड्यात दोन बायका आल्या. ऐकलंत ना? दोन! वर्षभर कागद वर होता तो आठ दिवसांत खाली आला.

तीन आठवडे मी तिच्या घराकडे फिरकले नाही. मग एका रविवारी दुपारी गेले, पर्समध्ये तो अर्ज घेऊन. कशाला घेतला होता ते मलाही सांगता यायचं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. दार तिच्या नवऱ्यानं उघडलं. गवंडीकाम करणारा माणूस, पूर्वी इस्पितळात आला की लांबूनच हाका मारायचा, “काय सिस्टर, आज कुणाला झापलंत?” आता आवाज दबका.

“बहिणीकडे नेलं होतं,” तो म्हणाला. “त्यांनी खोली दिली, दार लावलं. दोन दिवस राहिली. आतून आकडे ऐकू यायचे म्हणून त्यांनीच फोन केला, घेऊन जा. झोपत नाही हो ती. दिवसभर तेच. मी ओ देतो, तर म्हणते, तुम्ही न मोजता देता.”

ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. पुढे पांढरा कपडा, त्यावर घरातले सगळे चमचे एका ओळीत, दांडे एकीकडे. केस विंचरलेले होते, पण ते दुसऱ्या कुणीतरी विंचरले असावेत असं दिसत होतं. बोटांच्या चिरा भरल्या नव्हत्या. मला बघून उठली नाही.

“बसा, सिस्टर. नव्या बायका कशा आहेत?”

“बऱ्या आहेत. तुझी सर नाही.” सवयीनं बोलून गेले आणि जीभ चावली.

“दोघी मोजतात ना?”

“मोजतात.”

“बोट लावून?”

“बोट लावून.”

तिनं मान हलवली. थोडा वेळ चमचे सरळ करत राहिली. मी पर्समधून अर्ज काढला, टेबलावर ठेवला. म्हटलं, “उद्या चौकशीच्या त्या तिघांकडे जाते. सगळं सांगते. परवानगी मी दिली होती, अर्ज मी दाबला होता.” ते मी खरंच केलं, दुसऱ्या दिवशीच, लेखी दिलं. चौकशीची फाईल बंद झाली आहे, असं दोन ओळींचं उत्तर आलं. पण ते पुढचं. त्या दुपारी तिनं अर्जाकडे नुसतं बघितलं आणि कपड्यावरून बाजूला सरकवला, कारण तो ओळीच्या मधे येत होता.

“सिस्टर, एक विचारू?”

“विचार ना.”

“त्या दिवशी वर पॅक उघडल्यावर तुम्ही मोजलं होतं?”

शेजारच्या खोलीत नवऱ्याच्या खुर्चीचा आवाज झाला आणि थांबला. खोटं बोलायला मी आता कुणाला घाबरत होते?

“नाही,” मी म्हटलं.

“का?”

“तुझा पॅक होता म्हणून.”

ती रागावली नाही. रागावली असती तर मी तिचे पाय धरले असते. ती जुना हिशेब जुळल्यासारखी स्वतःशीच म्हणाली, “म्हणजे ओ कुणीच दिली नाही. मला वाटायचं, मी चुकले तरी वर तुम्ही आहात.”

मला रडू फुटलं. एकतीस वर्षांत माणसांसमोर कधी रडले नव्हते, त्या स्वयंपाकघरात हुंदके देऊन रडले. ती वाट बघत बसली, पूर्वी माझं ओरडणं संपायची वाट बघायची तशी. माझं थांबल्यावर तिनं तो कपडा चमच्यांसकट अलगद माझ्याकडे ओढला.

“मी मोजलेत,” ती म्हणाली. “सतरा. आता तुम्ही.”

मी डोळे पुसले. पहिल्या चमच्याला बोट लावलं, मग दुसऱ्याला. ती माझ्या बोटाकडे बघत होती, डोळ्याची पापणी न हलवता. शेवटच्यापर्यंत आले.

“सतरा.”

तिनं पहिला चमचा बोटानं सरळ केला. मग म्हणाली, “पुन्हा.”

मी पुन्हा पहिल्या चमच्यावर बोट ठेवलं.